चौदा नंबरचा हिरवा पाय

१

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता हुमनाबादच्या हायवेलगतच्या धर्मादाय दवाखान्यात एक पाय आला. पायाबरोबर माणिकप्पाही आले होते. पण तापानं त्यांना शुद्ध नव्हती, त्यामुळे सगळी चर्चा पायाशीच झाली.

उजवा पाय. अंगठा आणि शेजारची दोन बोटं काळी पडलेली, चवड्याखाली खोल जखम, घोट्यापर्यंत सूज. माणिकप्पा हळ्ळीखेड (बी) चे किराणा व्यापारी, वय एकसष्ट, साखर वीस वर्षांची. गावाच्या नावात कंस कशाला, असं तिथं कुणी विचारत नाही. कंसासकट जगायची सवय झालेली आहे.

त्यांचा मुलगा पंचाक्षरी यानं दुकानाचा फोन सर्जनसाहेबांसमोर धरला. "बगा की साहेब. ह्यात तर पाय चांगलाय."

फोनवर हिरवा ठिपका होता. खाली कन्नडमध्ये लिहिलं होतं : जखम उत्तम भरत आहे. अभिनंदन.

गेल्या दिवाळीनंतर 'स्वस्थ पाऊल' नावाची योजना तालुक्यात आली होती. साखरेमुळे न भरणाऱ्या जखमेवर औषधाचा पॅड ठेवायचा आणि त्यावर चिप बसवलेली रबरी पट्टी बांधायची. पट्टी जखमेची ऊब, ओल आणि पायावरचा भार मोजते, जखम भरावी म्हणून मुंगी चालल्याइतका बारीक करंट देते आणि सगळं फोनला कळवते. हिरवा ठिपका म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे या, लाल म्हणजे पळत या. तालुक्यात अशा वीस पट्ट्या होत्या. माणिकप्पांचा नंबर चौदा.

सर्जन कलबुर्गीहून सोमवारी आणि गुरुवारी यायचे. त्यांनी आलेख वर-खाली सरकवून पाहिला. "शेवटची नोंद शनिवारी सकाळी सात दहाची. तोपर्यंत हिरवं. आज सोमवार. दोन दिवसांत इतकं काळं होतंय म्हणजे हा वणवा आहे. मांडीतून कापावं लागेल. आजच, चार वाजता."

"सर, हा वणवा नाही," ड्रेसिंग टेबलाशी उभी असलेली पंचशीला सिस्टर म्हणाली. "हे तीन आठवड्यांचं आहे. हळूहळू कुजलंय. बोटं काढून निभेल."

"कशावरून?"

"वासावरून."

पंचशीला सत्तेचाळीस वर्षांची होती आणि त्यातली बावीस वर्षं तिनं त्या खोलीत इतरांचे पाय धुण्यात घालवली होती. वासावरून जखमेचं वय सांगता येणं ही पात्रता कुठल्या अर्जात लिहायची, हे तिला अजून कळलं नव्हतं.

सर्जन हसले नाहीत. ते सभ्य गृहस्थ होते. "सिस्टर, हळू कुजलं असेल तर मी बोटांवर थांबेन. पण वणवा असेल आणि मी बोटांवर थांबलो, तर उद्या सकाळी माणूस नसेल. एका बाजूला तीन आठवड्यांचा आलेख, दुसऱ्या बाजूला तुमचं नाक. तुम्हीच सांगा, मी फायलीत काय लावू?"

पंचशीलानं पायाकडे पाहिलं. पाय धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळून आणला होता. पॅड नव्हता. ते फडकं तिनं पुन्हा उलटंपालटं केलं, स्ट्रेचरची चादर झटकली.

"पंचाक्षरीअण्णा," ती म्हणाली, "पट्टी कुठाय?"

पट्टी पायावर नव्हती.

२

आता प्रश्न एवढाच उरला होता : पट्टी पायावरून उतरली कधी? शनिवारी उतरली असेल तर सर्जन बरोबर. तीन आठवड्यांपूर्वी उतरली असेल तर नाक बरोबर. आणि नाक बरोबर असेल तर तीन आठवडे तो हिरवा ठिपका कुणाच्या पायाचा होता?

माणिकप्पांची बायको निलम्मा खाटेच्या पायथ्याशी, जमिनीवर बसली होती. पदराआड गळ्यातल्या इष्टलिंगावर तिचा हात होता आणि तो काही केल्या सुटत नव्हता.

"अक्का, पट्टी कधी काढली?"

"मला इचारू नका, बाई."

"तुम्हीच पाय बांधत होता न्हवं?"

"मीच."

"मग?"

"माझ्या तोंडून न्हाई निघायचं." निलम्माच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायलाही हात मोकळा नव्हता. "मी लिंगावर हात ठिवून शबुद दिलाय. वास यायला लागला तवा मी म्हनले, दवाखान्यात चला. तर म्हनले, अजून आठ रोज थांब. आठ रोजानं मग आपूनच जाऊ."

"आठ दिवसांनी काय होणार होतं?"

निलम्मानं मान खाली घातली. त्याचं उत्तरही दिलेल्या शब्दात अडकलेलं असावं.

तेवढ्यात राजपाल आला. राजपाल योजनेचा क्षेत्र समन्वयक. वय पस्तीस, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, पायात चकचकीत बूट. तो हळ्ळीखेडचाच. दर आठवड्याला घरोघरी जाऊन 'पाय पाहिला' या रकान्यात बरोबरची खूण करणं हे त्याचं काम.

"सिस्टर, चौदा नंबरला काय होनं शक्य न्हाई," तो दारातूनच म्हणाला. "आपला तालुका शंभर टक्के हिरवाय. पुढच्या महिन्यात बेंगळूरला दाखवायचाय."

"पाय तिकडं खाटेवर पडलाय. बघून ये."

राजपाल गेला. परत आला तेव्हा त्याचा शंभर टक्क्यांवरचा विश्वास निम्म्यावर आला होता.

"तू दर आठवड्याला पाय बघत होतास न्हवं?"

"बघत होतो म्हंजे..." राजपालनं टॅब छातीशी धरला. "फोन बघत होतो. फोनमधी पाय दिसतोय की."

"मग मला बी फोनमधलाच दाखव. पूर्ण. पहिल्या दिवसापासून."

दोघं ड्रेसिंगच्या खोलीत बसली. पहिला महिना सरळ होता. पट्टीपासून दहा पावलांत फोन असला की नोंदी फोनवर उतरतात, नाहीतर त्या पट्टीतच साठून राहतात. माणिकप्पा दिवसभर दुकानात बसायचे आणि फोन दुकानातल्या काउंटरवर असायचा. म्हणून दिवसभर नोंदी उतरत होत्या. पण एका शुक्रवारपासून हे बदललं होतं. त्यानंतर दिवसाची नोंद एकदाच उतरायची. सकाळी सात दहाला, सगळी एकदम.

"हे काय?"

"नेटवर्क समस्या," राजपाल म्हणाला. "मी लिहिलंय तसं."

"बावीस दिवस रोज सकाळी सात दहाला नेटवर्क येतं, अन् सात पंधराला जातं?"

राजपालनं टॅब तिच्यापुढे सरकवला.

पंचशीलानं बोटानं आलेख पुढे ढकलला. त्या शुक्रवारी ओलीची रेघ एकदम वर चढली होती आणि मग बावीस दिवसांत, पायरी पायरीनं, खाली आली होती. सात दहानंतर तासभर भरपूर चाल, दिवसभर मधूनमधून, संध्याकाळी पुन्हा तासभर. आणि रविवारी संध्याकाळी सहाला काहीतरी वेगळंच : चवड्यावर भार, मग भार नाहीसा, भार, नाहीसा, भार, नाहीसा. ओळीनं तीनदा. पुढच्या रविवारी, त्याच वेळी, पुन्हा तीनदा.

हे काय असेल म्हणून ती पाहत राहिली, आणि तिच्या स्वतःच्या गुडघ्यांनी तिला उत्तर दिलं. विहारात वंदनेला चवडे दुमडून गुडघ्यांवर बसलं की भार चवड्यावर येतो. पंचांग प्रणामाला कपाळ जमिनीला लावलं की तो जातो. तीनदा.

माणिकप्पांच्या घरात लिंगपूजा मांडी घालून होते.

तिनं हळूच मान वर केली. समोर बसलेला राजपाल दर रविवारी हळ्ळीखेडच्या विहारात वंदना सांगायचा.

३

"राजपाल," ती म्हणाली, "बूट काढ."

"कामून?"

"काढ म्हणते न्हवं."

"सिस्टर, असं कसं बोलायलाव तुम्ही? मी शासकीय..."

"तू शासकीय न्हाईस, कंत्राटी हाईस. तालुका शंभर टक्के हिरवा पायजे होता. चौदा नंबर बिघडला असता तर बेंगळूर गेलं असतं. तुझ्यापाशी कारण बी हाय, पट्टीची माहिती बी हाय, अन् रविवारी तू विहारात असतोस. बूट काढ."

राजपालनं बूट काढले. मोजेही काढले, एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, आणि अख्ख्या चौकशीत त्याला लाज वाटली ती एवढ्याच गोष्टीची. पाय मात्र बूट विकणाऱ्याच्या जाहिरातीत शोभावेत असे होते. ओरखडाही नाही.

पंचशीलानं ते पाय नीट पाहिले, दाबून पाहिले आणि मग कपाळावर हात मारला.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "धडधाकट पायावर पट्टी बांधली असती तर रेघ सपाट आली असती. ही सपाट न्हाई. ही वरून खाली उतरलीय. राजपाल, ही खरोखरची जखम हाय. बावीस दिवसांत खरोखर भरत आलेली."

"म्हंजे पट्टी चालतीय!" राजपालच्या तोंडावर उजेड पडला.

"चालतीय. नुसती दुसऱ्याच्या पायावर चालतीय."

घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

ज्याची जखम तीन आठवड्यांत भरली असा माणूस तिला शोधायचा होता. आणि तो आपल्यातलाच कुणीतरी आहे, हे तिला कळून चुकलं होतं. ते तिनं राजपालला सांगितलं नाही.

४

पंचाक्षरीनं जीप काढली. वाटेत तो एकसारखा बोलत होता, कधी तिच्याशी, कधी फोनवर गावातल्या माणसांशी.

"चोरीच हाय सिस्टर ही. एवढी भारी वस्तू. कोन तरी कामावरचं माणूस असनार. संध्याकाळी पोलिसात देतो. एकेकाला उलटं टांगलं की बोलतेत."

"अप्पांचा पाय तीन आठवड्यांपूर्वीच बिघडला असेल, असं वाटत न्हाई तुम्हाला?"

"छ्या! येळवशीला तर काय दणकट होता. थांबा, दाखवतो." जीप चालवता चालवता त्यानं फोन तिच्याकडे दिला. "स्टेटसला टाकला होता बगा."

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, बारा दिवसांपूर्वी झाली होती. त्या दिवशी अख्खा मुलूख शेतात जेवायला असतो. गावात कुत्रीसुद्धा उरत नाहीत. फोटोत माणिकप्पा आंबिलाचं मडकं घेऊन, आंबील शिंपत, तुरीच्या कडेनं अनवाणी चालले होते. उजव्या पायाला पांढरं फडकं. खाली वेळ होती : १२.४०.

"किती वेळ फेरी चालली?"

"पाच एकराला फेरी म्हंजे अर्धा तास तर झाला."

पंचशीलानं त्याच फोनवर त्याच दिवसाचा आलेख उघडला. बारा ते दीड. चौदा नंबरच्या पायावर भार : शून्य. माणिकप्पा साऱ्या गावादेखत पाच एकर चालत होते, तेव्हा पट्टीतला पाय कुठेतरी मांडी घालून निवांत जेवत होता.

तिनं तिथूनच सर्जनना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं.

"चांगलं आहे, सिस्टर. पण त्या दिवशी पट्टी सैल झाली असेल तरी भार शून्यच दिसेल. एका दिवसावर मी मांडीचा निर्णय सोडू शकत नाही. पट्टी आणा. नाहीतर ज्याच्या पायावर ती होती तो माणूस आणा. जखम पाहिली की मी मानेन. चारपर्यंत थांबतो, त्यापुढे मी थांबलो तरी ताप थांबणार नाही."

दुकान घराच्या पुढच्या अंगाला होतं. काउंटरमागच्या फळीवर योजनेचा डबा होता. पंचशीलानं तो उघडला. दर दोन दिवसांनी एक पॅड. डब्यात तीस येतात. चार उरले होते. तिनं बोटांवर हिशेब केला. पहिल्या महिन्यात पंधरा. पुढच्या बावीस दिवसांत अकरा. एकही चुकलेला नाही. आणि माणिकप्पांचा पाय आला होता धोतराच्या फडक्यात.

"सकाळी सातच्या सुमाराला दुकानापाशी कोण कोण येतं?" तिनं विचारलं.

पंचाक्षरीनं बोटांवर मोजलं. "मल्लम्मा येती, भाकरी करायला. भीमण्णा येतो, दूध घालायला. बस, दोघंच."

मल्लम्मा दुपारपर्यंत घरातच असते. तिच्या पायावर पट्टी असती तर नोंदी दुपारपर्यंत उतरल्या असत्या. भीमण्णा मोटारसायकलवरून खाली उतरतच नाही, दूधसुद्धा बसूनच ओततो. सातनंतरची तासाभराची चाल त्याची नव्हे. शिवाय दोघांपैकी कुणी विहारात जाणारं नव्हतं.

ती आत गेली. मल्लम्मा चुलीपाशी ज्वारीची भाकरी थापत होती.

"मल्लम्मा, सकाळी सातला अजून कोण येतं?"

"अजून? कोन न्हाई." भाकरी उलटली गेली. "सुभद्राबाई येती, पन ती काय येनाऱ्यात धरायची? शेतावर जाती. दारातून भाकरीचं गाठोडं घेती अन् चालू पडती."

"गाठोडं तूच बांधून देतीस?"

"मी नुसती भाजती. बांधतेत अक्का. म्हैनाभर झाला, मला हातच लावू देईनात." मल्लम्मानं नाक मुरडलं. "जसं काय भाकरीत सोनंच भरायलेत."

पंचशीलानं चुलीसमोरच पुन्हा एकदा बोटांवर अकरा मोजले.

५

सुभद्राबाईचं घर विहाराच्या मागल्या गल्लीत, शेवटचं. पंचाक्षरीला दुकानातच थांबायला सांगून पंचशीला एकटीच गेली. पन्नाशीची, काटक, एकटी राहणारी बाई उंबऱ्यात तूर पाखडत बसली होती. सोमवार असून शेतावर गेली नव्हती. कालही गेली नसावी, म्हणूनच नोंदी शनिवारी थांबल्या होत्या.

"जय भीम, मावशी."

"जय भीम. कोन गं तू, बाई?"

"पंचशीला. हुमनाबादच्या दवाखान्यात असते. पाय बघायचा होता तुमचा."

"माझ्या पायाला काय झालं न्हाई."

"म्हणूनच बघायचाय."

सूप थांबलं. सुभद्राबाईनं पाय लुगड्याखाली ओढला. पंचशीला तिच्यासमोर मातीत बसली, हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. बऱ्याच वेळानं पाय बाहेर आला. चवड्याखाली रुपयाएवढी नवी कातडी होती. गुलाबी, पातळ, कडेनं अजून जराशी ओली. बावीस वर्षांत इतकी नीट भरलेली जखम पंचशीलानं दोन-तीनदाच पाहिली होती.

"कशानं झालं होतं?"

"सोयाबीनचं धसकट. दसऱ्याच्या टायमाला, अप्पाच्याच शेतात. साखर हाय मला, भरंना. त्या पट्टीवाल्याकडं गेले तर म्हनला, घरात मोठा फोन हाय का? न्हाई म्हनले. तर म्हनला, तुमचा पाय बसत न्हाई."

"मग भरला कसा?"

"भरला." सूप पुन्हा सुरू झालं.

पंचशीलानं सगळं सांगितलं. चार वाजता. बोटं किंवा मांडी. पट्टी दिसली तर बोटं.

सुभद्राबाईचे हात सुपावर पडून राहिले. "मांडीतून?"

"मांडीतून."

"पंचाक्षरीअण्णा पोलिसात जानार म्हनं. दुपारपस्तोर साऱ्या गल्लीत झालंय." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "आमच्या गल्लीत पोलीस आले की एका घरावरून माघारी जात न्हाईत. तुला सांगायला लागतंय का?"

"न्हाई. ठाव हाय मला."

"मग कशाला आलीस गं? मला काय ठाव न्हाई. पट्टी न् फिट्टी. जा तू."

पंचशीला उठली. तिनं दवाखान्यात फोन केला असता तर अर्ध्या तासात सगळं गाव या उंबऱ्यात उभं राहिलं असतं. फोन तिच्या हातातच होता. तिनं तो पिशवीत टाकला.

"मी तुमचं नाव कुणाला सांगणार न्हाई," ती म्हणाली. "सांगितलं तर तुमचं घर जातं, न सांगितलं तर त्यांचा पाय. मला दोन्ही झेपत न्हाई, मावशी. तीनला चौकातून टमटम असते हुमनाबादची."

मागं सूप पुन्हा सुरू झालं. ती रिकाम्या हातानं जीपमध्ये बसली.

"सापडला चोर?" पंचाक्षरीनं विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. बावीस वर्षांत रुग्णाच्या माणसाशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली, आणि तेसुद्धा अर्धंच.

६

पावणेचारला सर्जन हात धूत होते. माणिकप्पांचा ताप एकशे चार. संमतिपत्रावर 'उजवा पाय, गुडघ्याच्या वर' असं लिहून झालं होतं आणि निलम्माचा अंगठा शाईत बुडवायचा तेवढा बाकी होता. तिचा हात पदराआडून बाहेर यायला तयार नव्हता.

"सिस्टर, तुमचं काही?" सर्जननी विचारलं.

पंचशीलाच्या तोंडाशी नाव आलं होतं. तिनं ओठ मिटले, उघडले. "सर, अजून दहा मिनिटं..."

"दहा मिनिटं मीही देतो, पण कशासाठी ते सांगा."

तिनं दाराकडे पाहिलं. निलम्माचा हात बाहेर आला, अंगठा शाईत बुडाला.

तेव्हा दारात चपला काढण्याचा आवाज आला. सुभद्राबाई आत आली, जरा लंगडत, टमटमच्या धुळीनं माखलेली. तिनं पदराची गाठ सोडली आणि आतली रबरी पट्टी संमतिपत्रावर ठेवली.

"मी चोरली," ती म्हणाली. "तीन आठवडे झाले. अप्पा निजले होते, तवा काढून नेली. आता काय करायचं ते करा. पन त्यांचा पाय कापू नका."

मग पंचाक्षरी पुढे झाला. "बगा! मी म्हनलो न्हवतो? आमच्याच भाकरीवर जगून..." त्याचा हात वर गेला.

पंचशीला मध्ये उभी राहिली. "अण्णा, हात खाली. सर, तुम्ही आधी पाय बघा."

सर्जन ओल्या हातांनीच खाली बसले. त्यांनी सुभद्राबाईचा पाय पाहिला, पट्टीवरचा नंबर पाहिला, आलेखातली बावीस दिवस उतरत आलेली रेघ पाहिली. मग उठले. संमतिपत्र घेऊन त्यांनी 'गुडघ्याच्या वर' यावर काट मारली. "बोटं. फार तर पुढचा भाग. सिस्टर, पेशंट आत घ्या." आणि जाता जाता, दाराकडे पाहत, "नाकाचं मी फायलीत लिहीन."

स्ट्रेचर आत गेलं. बाहेर पंचाक्षरीनं फोन काढला. "आता पोलिसाला लावतो."

"लावा," पंचशीला म्हणाली. थिएटरच्या दारात मास्क बांधता बांधता ती थांबली होती. "लावायच्या आधी एवढं सांगा. तुमच्या डब्यातले अकरा पॅड ह्या बाईला कुणी दिले? दर दोन दिवसांनी एक, एकदाबी न चुकता. अन् अप्पांच्या पायाला तवा धोतराचं फडकं होतं. चोराला घरची मालकीण भाकरीच्या गाठोड्यात पॅड बांधून देत असती का?"

पंचाक्षरीनं आईकडे पाहिलं.

"अक्का," पंचशीला म्हणाली, "तुम्हाला बोलता येत न्हाई, ठाव हाय मला. मी बोलते. खोटं असंल तिथं मला अडवा. खरं असंल तर नुसत्या गप बसा."

निलम्मानं मान वर केली.

"अप्पांची जखम मिटत आली होती. हिची अप्पांच्याच शेतात झाली, अन् हिला योजनेत घेतलं न्हाई. म्हणून एका शुक्रवारी अप्पांनी स्वतःची पट्टी काढून हिला दिली."

निलम्मा गप्प होती.

"दासोह म्हणून, सेवा म्हणून दिली. दिलेलं बोलून दाखवलं की ते दासोह राहत न्हाई, म्हणून तुम्हा दोघींकडून शब्द घेतला."

निलम्मा गप्प.

"पट्टी गेली तशी अप्पांची जखम आतून पुन्हा चिघळायला लागली. त्यात येळवशीला अनवाणी चालले, पायाला बधिरी, काय रुतलं ते कळलं न्हाई. कुजायला लागलं तवा बी दवाखान्यात आले न्हाईत. आले असते तर पट्टी कुठाय म्हणून विचारलं असतं, अन् हिच्या पायावरून काढून आणली असती. हिची भरायला अजून आठ दिवस लागत होते."

पुन्हा पदराआड गेलेला निलम्माचा हात बाहेर निघाला. शाईचा अंगठा पांढऱ्या भिंतीला पुसला गेला. तिनं एक अक्षर उच्चारलं नाही. तिनं सुभद्राबाईला धरून शेजारी बसवून घेतलं आणि तिचा पाय, धुळीसकट, आपल्या मांडीवर घेतला.

पंचाक्षरीच्या हातात फोन होता. त्यावर अजून हिरवा ठिपका होता आणि अभिनंदन होतं.

७

माणिकप्पांची तीन बोटं आणि पुढचा चतकोर पाय गेला. टाच राहिली, घोटा राहिला, गुडघा राहिला. पाच दिवस ते जगतील की नाही याची खात्री कुणी दिली नाही. सहाव्या दिवशी ताप उतरला. शुद्धीवर आल्यावर ते पहिल्यांदा बोलले ते पंचशीलाशी.

"तिची भरली का?"

"भरली, अप्पा. अन् तुमची बोटं गेली."

"माझी न्हाई तर न्हाई." ते जरा विचारात पडले. "कुनी सांगितलं तुला?"

"कुणीच न्हाई. सगळे गप्पच होते."

"मग ठीकाय," म्हणून ते झोपले.

योजनेचा अहवाल महिन्याभरानं आला. त्यानुसार चौदा नंबरची जखम पूर्ण भरली होती आणि तालुका शंभर टक्के हिरवा होता. माणिकप्पांच्या टाक्यांसाठी पंचशीलानं नवी पट्टी मागितली, तेव्हा उत्तर आलं की लाभार्थी बरा झालेला असल्यामुळे पुन्हा पात्र नाही. सुभद्राबाईसाठी मागितली, तेव्हा असा पाय नोंदीत नाही, असं उत्तर आलं. दोन्ही पत्रं राजपालच घेऊन आला. ती देऊन तो निघाला नाही. खाली बसला आणि बूट-मोजे घातलेल्या आपल्या पायांकडे बघत म्हणाला, "सिस्टर, वास कसा ओळखायचा, तेवढं मला शिकवा."

पुढच्या सोमवारी टाके बघायला ती हळ्ळीखेडला गेली. दुकानात माणिकप्पा तांदळाच्या पोत्यावर पाय ठेवून बसले होते. पट्टी नव्हती, म्हणून पायावर रोज कुणाची तरी नजर पडायला हवी होती.

"सकाळी सातला दुकानापाशी कोण कोण येतं?" तिनं पंचाक्षरीला विचारलं. "जो येईल त्यानं पाय बघायचा. वास आला की मला फोन."

पंचाक्षरीनं बोटांवर मोजलं. "मल्लम्मा," तो म्हणाला. "भीमण्णा." तिसरं बोट धरून तो थांबला. बाप त्याच्याकडे बघत होता.

"सुभद्रामावशी," तो म्हणाला.